माशाच्या पोटातील साक्षीदार

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आम्हांस आले. पत्र साधेच होते, परंतु त्यातील एका प्रश्नाने आम्हांस बरेच दिवस अडवून धरले. बाईंनी बाजारातून नदीचा मासा आणला होता. विळीवर बसून त्या तो साफ करू लागल्या, तो आतड्याच्या आतल्या अंगास पाच-सहा पिवळसर जंत चिकटलेले दिसले. साधे जंत असते तर पाण्याच्या धारेबरोबर वाहून गेले असते. हे मात्र ओढले तरी सुटेनात, जणू कोणी टाचणीने टोचून बसविले होते. सासूबाई म्हणाल्या, "मासा फेकून दे." घरधनी म्हणाले, "आतडी फेक, मासा शिजव." शेवटी मासा मांजरीच्या वाट्यास गेला आणि बाईंनी आम्हांस दोन प्रश्न लिहून पाठविले. असा मासा खाल्ला असता तर चालले असते काय? आणि नदीचे पाणी नासले म्हणूनच हे जंत झाले काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. माशाच्या आतड्यातील जंत आतड्याबरोबर जातात. मासा ताजा असेल, पोट नीट साफ केले असेल आणि कालवण चांगले उकळून शिजविले असेल, तर भिण्याचे कारण नाही. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला मासा मात्र खाऊ नये, मग त्यात जंत दिसोत वा न दिसोत. म्हणजे या वादात घरधन्यांचे म्हणणे बरोबर होते. हे वाचून सासूबाईंनी आमच्यावर राग धरू नये.

दुसरा प्रश्न अवघड. घाण तेथे किडे, हा आपला पिढ्यानुपिढ्यांचा अनुभव. तेव्हा माशाच्या पोटात किडा दिसला की नदी नासली, असे वाटणे अगदी साहजिक आहे. आमचीही समजूत तशीच होती. परंतु या विषयावरील शास्त्रीय माहिती वाचू लागलो, तेव्हा ती समजूत बरीचशी उलटी असल्याचे आढळले, आणि त्याबरोबर एक गोष्ट अशी हाती लागली की ती वाचकांस सांगितल्यावाचून आम्हांस राहवेना. तीसाठी थोडा वेळ आपणांस जर्मनीतील एका नदीकाठी जावे लागेल.

त्याआधी त्या टोचून बसणाऱ्या जंताची ओळख करून घेऊ. पत्रातील वर्णनावरून तो ज्या कुळातील वाटतो, त्या कुळास शास्त्रज्ञ 'अकँथोसेफाला' म्हणतात. सेमिनरीत जे ग्रीक आम्ही घोकले त्याचा असा उपयोग होईल, हे कधी मनात आले नव्हते. 'अकांथा' म्हणजे काटा आणि 'केफाले' म्हणजे मस्तक. काटेरी डोक्याचा तो हा कृमी. त्याच्या पुढच्या टोकास एक लहानशी सोंड असते, तिच्यावर मागे वळलेल्या आकड्यांच्या रांगा असतात, आणि ही सोंड तो आतड्याच्या भिंतीत रोवून बसतो. युरोपातील नद्यांत आढळणारी याची एक जात 'पोम्फोऱ्हिंकस लेव्हिस' या नावाने प्रसिद्ध आहे. तिच्या मानेवर फुग्यासारखी गाठ असते. ती भिंतीत एकदा अडकली की कृमी हलता हलत नाही. लांबी म्हणाल तर बोटाच्या एखाद-दुसऱ्या पेराएवढी.

या कृमीस तोंड नाही आणि आतडेही नाही. दुसऱ्याच्या आतड्यात जन्म काढणाऱ्या प्राण्यास स्वतःचे आतडे असू नये, हे ऐकून हसू येते. परंतु विचार केला तर त्याला त्याची गरजच काय? यजमानाने अन्न खावे, पचवावे, आणि तयार रस याने आपल्या कातडीतून शोषून घ्यावा. ऐतखाऊ माणसास 'परोपजीवी' म्हणण्याची जी रीत आहे, ती आम्हीही व्यासपीठावरून अनेकदा पाळली आहे. या बिचाऱ्याची पुढील हकीकत वाचल्यापासून तो शब्द शिवी म्हणून वापरताना आम्ही जरा अडखळतो.

त्याचा जन्मक्रम असा. मादीची अंडी माशाच्या विष्ठेबरोबर पाण्यात पडतात. नदीच्या तळाशी दगडांखाली, कुजक्या पानांत जवळ्यासारखे चिमुकले जीव राहतात. त्यांस 'गॅमॅरस' म्हणतात. ते ही अंडी खातात. अंड्यातील पिल्लू त्या जीवाच्या शरीरात वाढते आणि काही आठवड्यांनी त्याच्या पारदर्शक पाठीतून नारिंगी ठिपक्यासारखे बाहेरून दिसू लागते. येथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. निरोगी गॅमॅरस उजेडास भिऊन दगडाखाली दडतो. कृमी अंगात असलेला गॅमॅरस उजेडाकडे ओढला जातो. साहजिकच तो माशाच्या दृष्टीस लवकर पडतो आणि माशाच्या पोटात जातो. तेथे कृमी मोठा होतो, सोंड रोवतो, आणि पुन्हा अंडी.

आता रूर नदीकडे जाऊ. ही नदी लांबीने जेमतेम २१९ किलोमीटर; विंटरबेर्गजवळच्या डोंगरांत उगम पावून डुइसबुर्ग येथे ती ऱ्हाइनला मिळते. परंतु तिच्या खोऱ्याने जर्मनीस कोळसा आणि पोलाद दिले. खाणी, भट्ट्या, धातूचे कारखाने आणि लाखो कामगारांची वस्ती एवढा भार या लहानशा नदीवर पडला, आणि त्याच खोऱ्यातील लोकांस पिण्याचे पाणीही तीच देत आली. पाण्याची व्यवस्था लावण्यासाठी तेथे १९१३ सालीच कायद्याने स्वतंत्र संघ स्थापावा लागला. अशा नदीत 'चब' नावाचा मासा राहतो, तो आपल्या रोहू-कटल्याच्या गोतातला. याच चबच्या आतड्यात हे काटेरी डोक्याचे कृमी मुबलक असतात.

बेर्न्ड सुरेस, होर्स्ट ताराशेव्स्की आणि याकवेर्ट या तीन संशोधकांनी रूरमधील चब पकडले, माशाचे मांस, त्यातील कृमी आणि नदीचे पाणी यांतील शिसे वेगवेगळे मोजले, आणि निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध केले. कृमींच्या शरीरातील शिशाचे प्रमाण माशाच्या मांसातील प्रमाणाच्या सुमारे २,७०० पट निघाले आणि नदीच्या पाण्यातील प्रमाणाच्या सुमारे ११,००० पट.

हे आकडे नुसते वाचून पुढे जाण्याजोगे नाहीत. आम्ही कागद घेऊन हिशेब केला. एक लिटर पाण्यात जेवढे शिसे, तेवढे अवघ्या ९० मिलिग्रॅम कृमीत. दोन किलो सातशे ग्रॅम मांसात, म्हणजे एका मोठ्या कुटुंबाच्या दोन-तीन दिवसांच्या कालवणात जेवढे शिसे, तेवढे एक ग्रॅम कृमीत. ज्या जंताकडे पाहून आपण नाक मुरडतो, त्याने त्या नदीतील शिसे असे वेचून वेचून साठविले होते.

हे कसे होते, याचाही शोध पुढे लागला. पाण्यात विरघळलेले शिसे माशाच्या कल्ल्यांतून रक्तात जाते आणि रक्तातून यकृतात. यकृत ते पित्ताबरोबर आतड्यात सोडते. विष बाहेर टाकण्याची ही शरीराची रीत. परंतु पित्तातील क्षार शरीरास पुन्हा हवे असतात, म्हणून आतड्याची भिंत ते परत शोषते, आणि त्यांस चिकटून शिसेही परत येते. यकृतातून आतड्यात आणि आतड्यातून यकृतात अशी त्याची फेरी चालू राहते. या वाटेवरच आपला कृमी बसलेला असतो. त्याला स्वतःस स्निग्ध द्रव्ये तयार करता येत नाहीत. त्यासाठी यजमानाचे पित्त त्यास हवेच असते. ते तो आपल्या कातडीतून अधाशीपणे ओढतो, आणि त्याबरोबर शिसेही ओढतो. संशोधकांनी लावलेली ही संगती आम्हांस फार पटली. कारण तीत कृमीचा काही थोरपणा नाही, केवळ भूक आहे.

येथे वाचक विचारतील की शिसेच मोजावयाचे तर सरळ पाणीच का मोजू नये? बाटली भरावी, प्रयोगशाळेत पाठवावी, झाले. प्रश्न रास्त आहे. परंतु नदीचे पाणी वाहते असते. आज सकाळी भरलेली बाटली आज सकाळचीच साक्ष देते. कारखान्याचे सांडपाणी रात्री सोडले जात असेल, अथवा पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर गटारांतील साठा एकदम नदीत येत असेल, तर सकाळच्या बाटलीस त्याची वार्ता नसते. शिवाय पाण्यातील धातूचे प्रमाण बहुधा इतके सूक्ष्म असते की ते अचूक मोजणे अवघड. बाटलीच्या झाकणाचा, हाताच्या धुळीचा दोषदेखील उत्तरात मिसळतो. आणि एक तिसरी अडचण आहे, ती आमच्या मते सर्वांत मोठी. पाण्यात किती धातू आहे हे कळले, तरी त्यातील किती सजीवांच्या अंगात शिरण्याजोगा आहे हे बाटली सांगू शकत नाही. चिखलास घट्ट धरून बसलेले शिसे आणि कल्ल्यातून रक्तात जाणारे शिसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कृमीच्या अंगात जे सापडते ते नक्कीच एका जिवंत प्राण्याच्या शरीरातून आलेले असते, आणि तो अनेक आठवड्यांचा हिशेब असतो.

सजीवांस साक्षीस बोलावण्याची कल्पना तशी नवी नव्हे. इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्षी पिंजऱ्यात घालून नेत असत. विषारी वायू साचला की माणसाच्या आधी पक्षी कोसळे. ही चाल तेथे थेट १९८६ सालापर्यंत टिकली. परंतु पक्ष्याची साक्ष मरून दिलेली असते. धातूच्या बाबतीत जो साक्षीदार मरत नाही आणि साठवीत जातो, तोच अधिक कामाचा. म्हणून १९७५ साली एडवर्ड गोल्डबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने समुद्रकाठच्या शिंपल्यांकडे लक्ष वेधले आणि तेथे शिंपल्यांवर पाळत ठेवण्याची मोठी योजना सुरू झाली. गोव्याच्या वाचकांस शिनाणे ठाऊक आहेत. तशाच जातीचे हे जीव. एका जागी बसतात, पाणी गाळून खातात आणि पाण्यात जे असेल ते अंगात साठवितात. पुढे ऑस्ट्रियातील मोंडझे सरोवरात शिंपले आणि माशांतील काटेरी डोक्याचे कृमी यांची तुलना करण्यात आली, तेव्हा शिसे आणि कॅडमियम या दोन्हींत कृमींनी शिंपल्यांस कितीतरी मागे टाकले.

मोजणी कशी करतात हेही थोडे सांगतो. माशाच्या आतड्यातून कृमी एकेक सोडवून घेतात. नायट्रिक आम्लात तो विरघळवितात. त्या द्रवाचा थेंब ग्रॅफाइटच्या बारीक नळीत घालून नळी विजेने तापवितात; उष्णता दोन हजार अंशांच्या आसपास जाते आणि द्रवातील धातूचे अणू मोकळे होतात. शिशाच्या अणूंनाच जो प्रकाश शोषता येतो तो नळीतून सोडतात, आणि पलीकडे किती प्रकाश पोहोचला यावरून शिसे किती ते ठरवितात. काम सारे बेताचे आणि चिकाटीचे.

आता ज्या एका निष्कर्षासाठी आम्ही हे सारे लिहावयास घेतले, तो सांगतो. सुरेस आणि त्यांचे सहकारी यांनी प्रयोगशाळेत काही चबांस कृमींची बाधा होऊ दिली, काही तसेच ठेवले, आणि दोन्ही गटांस शिसे मिसळलेल्या पाण्यात सोडले. १९९९ साली त्यांनी जे प्रसिद्ध केले ते असे की कृमी असलेल्या माशांच्या आतड्याच्या भिंतीत शिसे कमी होते. कृमी नसलेल्यांत अधिक. पाणी तेच, विष तेच. कृमीने आपला वाटा आधीच उचलला होता.

याचा अर्थ कृमी माशाचे हित करतो, असा कोणी घेऊ नये. तो आतड्यास भोके पाडतो, माशाचे अन्न खातो. त्याच्या पदरी पुण्य बांधण्याचे कारण नाही. परंतु याचा दुसरा अर्थ आहे, आणि नदीकाठच्या प्रत्येक घराशी त्याचा संबंध आहे. समजा, नदी दूषित आहे की नाही हे पाहण्यासाठी तपासनीस येतात, चार मासे पकडतात, आतडी कापून फेकतात आणि उरलेला मासा तपासतात. त्या माशांच्या आतड्यांत कृमी भरपूर असतील, तर माशात धातू कमी सापडण्याचा संभव आहे. कागदावर "मासा ठीक" असे लिहिले जाईल. दुसऱ्या गावी त्याच नदीच्या माशांत कृमी नसतील आणि तेथे आकडा जास्त येईल. दोन्ही गावे एकमेकांकडे पाहत राहतील, आणि खरी साक्ष ज्यापाशी होती तो केरात जाऊन पडलेला असेल. हे कोणी लबाडीने केलेले नसेल. मासा साफ करताना आतडे टाकावयाचे, एवढीच ती सवय. आपल्या स्वयंपाकघरातील आणि प्रयोगशाळेतील.

शिशाच्या बाबतीत ही चूक परवडणारी नाही. लहान मुलांच्या मेंदूस ते अपाय करते, आणि अमुक इतके शिसे रक्तात असले तरी चालेल अशी कोणतीही सुरक्षित मर्यादा ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते.

रूरनंतर हे काम पुष्कळ ठिकाणी झाले. डॅन्यूब नदीत बुडापेस्टजवळ मिशाळ बार्बेल माशातील कृमी तपासले गेले. त्याचे निष्कर्ष २००४ साली आले, आणि तेथेही अनेक धातू माशाच्या अवयवांपेक्षा कृमींत अधिक निघाले. दक्षिण ध्रुवाकडील किंग जॉर्ज बेटापाशी, जेथे ना कारखाना ना शहर, तेथल्या माशांतील कृमींतही धातूंचा साठा मोजता आला. परंतु या साऱ्यांत आमचे मन ज्या कथेत गुंतले ती ईल माशाची.

पेट्रोलमध्ये पूर्वी शिसे मिसळीत. मोटारींच्या धुरातून ते रस्त्यावर, रस्त्यावरून पावसाबरोबर नदीत जाई. जर्मनीने १९७१ च्या कायद्याने त्यावर बंधन घालण्यास आरंभ केला. भारतात २००० सालच्या फेब्रुवारीपासून शिसेविरहित पेट्रोलच देशभर विकले जाऊ लागले. आणि जगातील शेवटचा देश अल्जीरिया, तेथे २०२१ साली शिशाचे पेट्रोल संपले. पेट्रोलमधून शिसे काढण्याचे एक कारण असे होते की धूर शुद्ध करण्यासाठी मोटारींस जे नवे उत्प्रेरक यंत्र बसविले, ते शिशाने बिघडत असे. या यंत्रात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा थर असतो. तो थर कणाकणाने झिजतो. तेव्हा शिसे गेले, आणि त्याच रस्त्यांवरून त्याच नद्यांकडे प्लॅटिनमची धूळ निघाली. संशोधकांनी रस्त्याची धूळ मिसळलेल्या पाण्यात ईल मासे ठेवले आणि त्यांच्या आतड्यांतील कृमी तपासले. प्लॅटिनम व ऱ्होडियम कृमींत सापडले, ईलच्या अवयवांपेक्षा अधिक.

आणि हा ईलमधील कृमी तेथे आला कसा? जर्मनीतील व्हेरा नदीत पोटॅशच्या खाणींचे मिठाचे पाणी इतके सोडले गेले की तेथील मूळचे गॅमॅरस नाहीसे झाले. माशांस खाद्य उरेना, म्हणून १९५७ साली खारे पाणी सोसणारा, मूळचा उत्तर अमेरिकेतील गॅमॅरस आणून तेथे सोडण्यात आला. तो फोफावला, आणि त्याच्याच अंगात वाढणारा हा परदेशी कृमीही जर्मनीच्या नद्यांत स्थिरावला. एका उद्योगाने नदी खारवली, त्यावरील उपायाच्या वाटेने पाहुणा आला, आणि त्या पाहुण्याने दुसऱ्या एका उद्योगाची धूळ आपल्या अंगात साठवून दाखविली. असे धागे कोणी मुद्दाम गुंफू म्हटले तरी गुंफता येणार नाहीत.

या साक्षीदारास मर्यादाही आहेत, आणि त्या सांगितल्या नाहीत तर आम्ही वाचकांची फसवणूक केल्यासारखे होईल. सगळेच जंत असे साठवीत नाहीत. ईलच्या वाताशयात रक्त पिऊन राहणारा एक गोल कृमी आहे, त्याच्यात शिसे फारसे आढळत नाही. तो पित्ताच्या वाटेवर बसलेला नसतो. काटेरी डोक्याचा कृमीही गॅमॅरसच्या अंगात असेपर्यंत फारसे साठवीत नाही; माशाच्या आतड्यात गेल्यावरच त्याचे हे काम सुरू होते. आणि सगळे धातूही सारखे वागत नाहीत. पारा जेव्हा सेंद्रिय रूप घेतो तेव्हा तो माशाच्या मांसातच मुरतो. त्यासाठी मांसच तपासावे लागते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली जी भयंकर व्याधी उघडकीस आली, ती अशाच पाऱ्याची. कारखान्याच्या सांडपाण्यातून तो उपसागरात गेला, तेथून माशांत, तेथून माणसांत. तेथे पहिली साक्ष मांजरांनी दिली होती. कोळ्यांच्या वस्तीतील मांजरे वेड्यासारखी गरगर फिरून मरू लागली होती; पुढे तीच लक्षणे माणसांत दिसली.

आता आमच्या भगिनीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे परत येतो. नदी नासली म्हणून जंत झाले काय? नुसत्या जंतांवरून तसे म्हणता येत नाही. या कृमीस जगण्यासाठी केवळ मासा पुरत नाही. तळाशी तो चिमुकला जवळ्यासारखा जीव जिवंत असावा लागतो, आणि तो जीव नाजूक असतो. पाण्यातील प्राणवायू संपला, विष फार झाले, की माशाच्या आधी तो मरतो, आणि त्याच्याबरोबर कृमीचा वंश त्या नदीतून जातो. म्हणजे ज्या माशाच्या आतड्यात असे कृमी आहेत, त्या नदीच्या तळाशी निदान काही जीव शिल्लक आहेत एवढे कळते. जेथे पूर्वी ते मुबलक आढळत आणि आता एकही आढळत नाही, तेथे मात्र चौकशी करावी. नदीत धातू आहे की नाही हे कृमीकडे पाहून कळत नाही. ते त्याच्या अंगात काय साठले ते मोजल्यावर कळते.

आणि असे मोजणारे आपल्याकडे होऊ शकणार नाहीत, असे नाही. मांडवीपासून मुसीपर्यंत आमचे वाचक ज्या ज्या नदीकाठी राहतात, तेथील मासे वेगळे आणि त्यांतील कृमीही वेगळे. रूरचे आकडे येथे लागू पडणार नाहीत. कोणता मासा, कोणता कृमी, तो पाण्यातील कोणत्या जीवातून माशात जातो, हे आधी निश्चित करावे लागेल. त्या कामाचा पाया मात्र जुना आहे. आपल्या तळ्यांतील मरळ सर्वांस परिचित आहे. तिच्या आतड्यातील एका काटेरी डोक्याच्या कृमीचे शास्त्रीय वर्णन १९३१ साली भालेराव या संशोधकाने केले, आणि त्याला जे नाव मिळाले त्यात आपले एक शहर आजही नांदते आहे: 'पॅलिसेंटिस नागपुरेन्सिस'. नागपूरच्या नावाचा हा कृमी जगभरच्या ग्रंथांत आहे, हे आम्हांस या लेखाच्या निमित्ताने कळले.

तेव्हा बाईंनी पुढच्या खेपेस असे जंत दिसल्यास घाबरू नये. आतडे केरात टाकण्यापूर्वी जंत मोजावेत, मासा कोणता आणि कोणत्या नदीचा हे कोळिणीस विचारून लिहून ठेवावे, आणि गावात महाविद्यालय असल्यास प्राणिशास्त्राच्या एखाद्या शिक्षकास दाखवावे; जंत मद्यार्काच्या बाटलीत घालून ठेवले तर नासत नाहीत. मांजरीची चिंता नको. एका माशाने तिला काही होत नाही, आणि तो मासा, आमच्या समजुतीप्रमाणे, चांगलाच होता.